गवत कापण्याच्या यंत्राचा विजेचा क्लच : दोष कसा शोधावा

आमच्या डहाणूच्या किनाऱ्यावरील चिकूच्या वाड्यांत मृगाचा पाऊस पडून पंधरा-वीस दिवस लोटतात न लोटतात तोंच गवत गुडघ्याशीं येतें. तें नांगरून काढावें तर चिकूचीं अन्नग्राहक मुळें वरच्या थरांत पसरलेलीं असल्यामुळें त्यांना इजा होते; विषारी औषध मारून जाळावें तर उघडी पडलेली माती पावसाबरोबर वाहून जाते; आणि हातानें कापवावें तर भातलावणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीं. सबब गवत जमिनींत राहूं देऊन वेळोवेळीं वरच्यावर कापावें, आणि कापलेलें गवत झाडांच्या आळ्यांत, बुंध्यापासून थोडें दूर, आच्छादन म्हणून पसरावें, हा मार्ग पुष्कळ बागाइतदारांनीं पत्करला आहे. जेथें जमीन सपाट आहे, दगडगोटे नाहींत आणि झाडांझाडांत दहा मीटरांचें अंतर आहे, तेथें या कामीं बसून चालवावयाचें गवत कापण्याचें यंत्र चांगलें उपयोगी पडतें.

असें एक यंत्र सन २०१९ मध्यें एका कारखान्याच्या जुन्या सामानाच्या लिलावांत प्रस्तुत लेखकानें घेतलें. लेखकाची हयात महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली; यंत्रविद्येचें शिक्षण त्यास नाहीं. तथापि त्या यंत्राच्या एका भागानें, म्हणजे पातीं चालू-बंद करणाऱ्या विजेच्या क्लचनें, त्यास जो त्रास दिला, आणि त्या त्रासाच्या भरांत त्याच्या हातून जी चूक घडली, ती उघड सांगितल्यानें इतर बंधूंचे पैसे वांचतील, कदाचित् एखाद्याचा पायही वांचेल, अशा समजुतीनें हा लेख लिहिला आहे.

यंत्राची घडण

हिरवळ कापण्याचें पहिलें यंत्र इंग्लंडांतील एडविन बडिंग नांवाच्या कारागिरानें सन १८३० मध्यें बनविलें. तें माणसानें ढकलावयाचें होतें. हल्लीं जें बसून चालवावयाचें यंत्र येतें, त्यास लहान पेट्रोल इंजिन असतें व त्याच्या पोटाखालीं लोखंडी झाकणांत दोन किंवा तीन पातीं आडवीं फिरतात. इंजिनाची शक्ति रबरी पट्ट्यानें पात्यांपर्यंत जाते. इंजिन चालू असतां पातीं हवीं तेव्हांच फिरावींत आणि नको तेव्हां लागलींच थांबावींत, यासाठीं कांहीं यंत्रांत पट्टा ताणणारा दांडा असतो. पुष्कळ यंत्रांत तें काम विजेच्या क्लचकडे सोंपविलेलें असतें.

तारेंतून वीज वाहूं लागली कीं जवळची चुंबकसूची हलते, ही गोष्ट डेन्मार्कमधील ओर्स्टेड या पंडितानें सन १८२० मध्यें दाखविली. तारेच्या वेटोळ्यांतून प्रवाह सोडला असतां आंतील लोखंड चुंबक बनतें आणि प्रवाह बंद होतांच चुंबकत्व जातें, या तत्त्वावर हा क्लच चालतो. तो इंजिनाच्या आंसाच्या खालच्या टोकास बसविलेला असतो. त्याचे मुख्य भाग चार. पहिला, तारेचें वेटोळें. हें स्थिर असतें व फिरूं नये म्हणून सांगाड्यास अडकविलेलें असतें. दुसरा, आंसावर घट्ट बसविलेली तबकडी. ही इंजिनाबरोबर सदा फिरते. तिसरा, पट्ट्याची कप्पी आणि तिला जोडलेली पोलादी तबकडी. ही बेअरिंगवर मोकळी असते. चवथा, ब्रेकची पट्टी. चालकानें बटण ओढलें कीं वेटोळ्यांत प्रवाह जातो, चुंबकाच्या ओढीनें तिसरा भाग दुसऱ्यास चिकटतो आणि पातीं फिरूं लागतात. प्रवाह तुटला कीं स्प्रिंगा त्या तबकडीस मागें खेचून ब्रेकवर दाबतात आणि पातीं थांबतात.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. पातीं फिरण्यास वीज लागते, थांबण्यास लागत नाहीं. म्हणून तार तुटली, फ्यूज उडाला किंवा बॅटरी बसली, तर पातीं थांबतात. दोष उद्भवला असतां यंत्र निरुपद्रवी व्हावें, अशीच ही योजना आहे. तिच्या जोडीला बैठकीखालीं एक बटण असतें. पातीं चालू ठेवून चालक उठला, तर त्या बटणामुळें यंत्र बंद पडतें. हें बटण म्हणजे चालकाच्या हातापायांचा जामीनदार आहे.

घडलेली हकीकत

सन २०२२ च्या श्रावणांत आमच्या यंत्राचीं पातीं दाट गवतांत मंदावूं लागलीं. एके दिवशीं तर बटण ओढूनही तीं फिरेनात. कारागीर बोलाविला. त्यानें खालीं वांकून तारा हालवून पाहिल्या, बैठकीखालचें बटण बिघडलें आहे असा निवाडा दिला, आणि त्या बटणाच्या दोन तारा परस्परांस जोडून टाकल्या. पातीं फिरलीं. मीं मजुरी दिली व समाधान पावलों. तारा जोडल्या हें मला दिसत होतें. त्याचा परिणाम काय होईल, हें मीं विचारलें नाहीं. गड्यास तर मीं कांहींच सांगितलें नाहीं.

आमचा गडी तीन वर्षें तें यंत्र चालवीत होता. ओलें गवत बाहेर पडण्याच्या तोंडाशीं सांचलें कीं तो बैठकीवरून उठे. उठतांच यंत्र बंद पडे. मग खालीं उतरून तो काठीनें अगर पायानें गवत ओढून काढी. उतरण्यापूर्वीं बटण दाबून पातीं बंद करण्याची त्यास संवय राहिली नव्हती, कारण तें काम यंत्रच करीत असे. कारागीर येऊन गेल्याच्या चवथ्या दिवशीं तो असाच उतरला. इंजिनाचा आवाज चालूच राहिला, म्हणून तो क्षणभर थबकला. परंतु झाकणाखालचीं पातीं दिसत नसतात. तीं थांबलीं असतील अशा समजुतीनें त्यानें पाय पुढें केला. रबरी चपलेचें टोक उडालें आणि अंगठ्याचें नख गेलें. पाय राहिला.

मी धांवत गेलों तेव्हां तो चिकूच्या बुंध्याशीं टेकून बसला होता. "भाऊसाहेब," तो म्हणाला, "मी उठलों कीं ती आपोआप थांबायची. आज थांबली नाहीं." त्यानें मला दोष दिला नाहीं, दोष कोणाचा, हें त्यास ठाऊकच नव्हतें. दवाखान्यांतून परत आल्यावर मीं त्यास सर्व कांहीं सांगितलें, आणि त्याच सायंकाळीं जोडलेल्या तारा सोडवून बटण पूर्ववत् केलें.

पातीं पुन्हां फिरेनाशीं झालीं. दुसरा कारागीर आणला. त्यानें क्लचकडे जाणाऱ्या तारांची जोडणी सुटी करून त्या टोकांस मीटर लाविला. १२.४ व्होल्ट आले. वीज येते आणि क्लच चालत नाहीं, त्या अर्थीं क्लच गेला, असें त्याचें अनुमान. ऐकण्यास तें बिनतोड वाटलें. नवा क्लच मागविला. त्याची किंमत गड्याच्या महिन्याच्या पगाराहून अधिक पडली. तो बसविला, तारा इकडून तिकडे झाल्या त्यामुळें पातीं फिरलीं देखील, आणि दोन दिवसांत पूर्वीप्रमाणेंच दाट गवतांत मंदावूं लागलीं.

तेव्हां मीं तो विचार केला, जो पहिल्याच दिवशीं करावयास हवा होता. कचेरींत जमिनीचें वादग्रस्त प्रकरण आलें म्हणजे केवळ शेवटचा सातबारा पाहून आम्ही टिपण लिहीत नसूं. मूळ नोंदीपासून एकेक फेरफार पाहत खालीं येत असूं, आणि खोट बहुधा मधल्याच एखाद्या नोंदींत सांपडे. विजेचाही हक्क बॅटरीपासून क्लचपर्यंत असाच हस्तांतर होत येतो : बॅटरी, फ्यूज, चावी, पात्यांचें बटण, बैठकीचें बटण, जोडण्या, आणि शेवटीं वेटोळें. आम्ही शेवटची नोंद पाहून निकाल देऊन बसलों होतों.

इंजिन बंद ठेवून मीं चावी फिरविली, मुलास बैठकीवर बसविलें, बटण ओढलें, आणि या खेपेस क्लच जोडलेलाच ठेवून जोडणीच्या मागच्या बाजूनें मीटरचीं टोकें लाविलीं. आकडा आला ८.३. जोडणी सुटी असतां १२.४, आणि जोडली असतां ८.३! चार व्होल्ट वाटेंत कोठें तरी खर्चीं पडत होते. मागें मागें पाहत गेलों तों बैठकीखालच्या बटणापासून चार बोटांवर एक प्लास्टिकची जोडणी सांपडली. तिच्या आंतील पट्ट्यांवर हिरवा गंज चढला होता. किनाऱ्यावरील खाऱ्या वाऱ्याचें तें काम. पहिल्या कारागिरानें तारा हालविल्या तेव्हां गंजांतल्या गंजांत पट्ट्या जरा जवळ आल्या, म्हणून यंत्र चाललें. बैठकीचें बटण निर्दोष होतें. गंजलेला भाग कापून नवी जोडणी बसविली. किंमत पन्नास रुपयांच्या आंत. जुना क्लच आजही माझ्या फळीवर आहे, आणि मीटर लाविला असतां त्याचें वेटोळें नव्याइतकाच आकडा दाखवितें.

असें कां होतें

ठिबकच्या नळींत मध्यें कचरा अडकला आहे, आणि शेवटची तोटी बंद आहे, अशी कल्पना करावी. त्या टोकास दाब मोजला तर पुरा भरेल, कारण पाणी वाहतच नाहीं. तोटी उघडतांच पाणी वाहूं लागतें, कचरा त्यास अडवितो, आणि दाब पडतो. विजेचें हुबेहूब असेंच आहे. जोडणी सुटी ठेवून मोजणें म्हणजे तोटी बंद ठेवून दाब मोजणें होय.

आतां हिशेब पाहा. जर्मनीच्या ओहम या शास्त्रज्ञानें सन १८२७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणें व्होल्टांस ओहमांनीं भागलें म्हणजे अँपिअर येतात. आमच्या क्लचचा अडथळा ३ ओहम. वाट स्वच्छ असती तर १२.४ भागिले ३, म्हणजे सुमारें ४.१ अँपिअर प्रवाह गेला असता. गंजानें दीड ओहम वाढविला. एकूण साडेचार झाले, आणि प्रवाह सुमारें २.८ अँपिअरांवर आला, म्हणजे दोन-तृतीयांश. परंतु चुंबकाची ओढ प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत कमी होते. दोन-तृतीयांशाचा वर्ग चार-नवमांश. म्हणजे ओढ निम्म्याहूनही खालीं गेली. विरळ गवतांत तेवढी ओढ पुरे. दाट गवतांत तबकड्या एकमेकींवर घसरतात, तापतात, आणि क्लच खरोखरच झिजूं लागतो. बारीकसा गंज दुर्लक्षिल्यानें चांगला क्लच वाईट होतो तो या मार्गानें.

परीक्षेचा क्रम

प्रथम सावधगिरी. मीटर लावण्याखेरीज दुसरें कोणतेंही काम करण्यापूर्वीं इंजिन बंद करावें, चावी काढून स्वतःच्या खिशांत ठेवावी, पातीं पूर्ण थांबूं द्यावींत आणि प्लगवरची टोपी काढावी. यंत्र उचलून खालीं काम करावयाचें तर नुसत्या जॅकवर भरंवसा ठेवूं नये. भक्कम ठोकळे द्यावे. बॅटरी सोडवितांना ऋण टोकाची तार आधीं काढावी व जोडतांना ती शेवटीं जोडावी.

(१) कान लावावा. इंजिन बंद, चावी चालू, एक इसम बैठकीवर, अशा स्थितींत पात्यांचें बटण ओढावें. क्लचमध्यें "टक्" असा स्पष्ट आवाज झाला पाहिजे. आवाज मुळींच नसेल तर वाट कोठें तरी तुटली आहे. आवाज मंद असेल तर वीज अपुरी आहे अगर फट वाढली आहे. कांहीं यंत्रांत इंजिन चालू असल्यावांचून क्लचला वीज मिळत नाहीं, म्हणून यंत्राबरोबरची पुस्तिका अगोदर वाचावी.

(२) बॅटरी. भरलेली बॅटरी स्वस्थ असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. १२ वर आली तर ती बहुतेक रिकामी समजावी. इंजिन वेगांत चालू असतां बॅटरीच्या टोकांशीं साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसावे. तसे न दिसल्यास बॅटरी भरत नाहीं. क्लच तिच्यांतील वीज खात राहतो, आणि अर्ध्या-पाऊण तासानें पातीं मंदावतात. अशा वेळीं नवा क्लच घालून उपयोग होत नाहीं.

(३) फ्यूज. उडाला असेल तर तितक्याच आकड्याचा दुसरा घालावा. तोही उडाला तर तार कोठें घासून उघडी पडली आहे तें शोधावें. धुराड्याजवळ आणि पट्ट्याजवळ तारा विशेषेंकरून घासतात. मोठ्या आकड्याचा फ्यूज किंवा तांब्याची तार घालणें म्हणजे घराला आग लावण्याची तयारी करणें होय.

(४) बटणें. पात्यांचें बटण, बैठकीचें बटण, आणि कांहीं यंत्रांत मागें जातांना पातीं थांबविणारें बटण, हीं एकेक सुटीं करून त्यांतून वाट जुळते व तुटते किंवा नाहीं तें मीटरनें पाहावें. बैठकीच्या बटणाच्या तारा तपासण्यापुरत्याही परस्परांस जोडूं नयेत. मीटरनें जें कळतें तेंच तार जोडून कळतें. फरक इतकाच, कीं मीटर काढून घेण्यास कोणी विसरत नाहीं, जोडलेली तार मात्र तशीच राहते.

(५) भार असतांना मोजणी. क्लच जोडलेला व बटण ओढलेलें ठेवून क्लचच्या दोन तारांत मोजावें. आकडा बॅटरीच्या आकड्याच्या जवळपास असावा. कमी असल्यास मीटरचें एक टोक बॅटरीच्या धन टोकास व दुसरें क्लचच्या येणाऱ्या तारेस लावावें. जो आकडा दिसेल तितकी वीज वाटेंत जाते. अर्ध्या व्होल्टाहून अधिक दिसल्यास एकेक जोडणी पार करीत मागें यावें. जेथें आकडा एकाएकीं कमी होतो, तेथेंच खोट. हीच परीक्षा ऋण बाजूसही करावी. सांगाड्यास जेथें तार बोल्टानें जोडलेली असते, तेथें रंग व गंज असल्यास खरवडून काढावा.

(६) वेटोळें. क्लचची जोडणी सुटी करून त्याच्या दोन टोकांत ओहम मोजावे. पुष्कळ क्लचांत हा आकडा २ ते ४ ओहमांच्या दरम्यान असतो. नेमका आकडा पुस्तिकेंत पाहावा. मीटरचीं टोकें एकमेकांस लावून त्याचा स्वतःचा आकडा आधीं वजा करावा, नाहींतर इतक्या लहान मापांत चूक होते. वाट मुळींच जुळत नसेल तर वेटोळें तुटलें. आकडा शून्याजवळ असेल तर आंत तारा परस्परांस भिडल्या आहेत. टोक आणि क्लचचें लोखंडी अंग यांच्यामध्यें वाट जुळतां कामा नये.

(७) फट. वरील सर्व निर्दोष ठरल्यावर मगच क्लचकडे वळावें. दोन तबकड्यांमध्यें प्रवाह नसतां बारीक फट असते. तबकड्या झिजतात तशी ती वाढते, आणि फट वाढली कीं चुंबकाची ओढ झपाट्यानें कमी होते. ज्या क्लचांत फट जुळविण्याची सोय असते, त्यांच्या अंगावर तीन खांचा व तीन नट असतात. इंजिन बंद करून, चावी व प्लगची टोपी काढून, खांचेंतून फीलर गेजची पट्टी दोन तबकड्यांमध्यें घालावी. पुष्कळ क्लचांस ०.३ ते ०.४ मिलिमीटर, म्हणजे एका इंचाच्या हजार भागांपैकीं सुमारें बारा ते पंधरा भाग, इतकी फट सांगितलेली असते. नट आंवळला कीं फट कमी होते. तिन्ही खांचांत पट्टी सारखीच, किंचित् घासून जावी. एकीकडे सैल व दुसरीकडे घट्ट असली तर क्लच एका अंगानें झिजतो.

लक्षणांवरून अनुमान

थंड असतां यंत्र नीट चालतें आणि तासाभरानें पातीं फिरेनात, असें होत असल्यास दोन कारणें मुख्य. तांब्याची तार तापली कीं तिचा अडथळा दर अंशास शेंकडा सुमारें ०.४ नें वाढतो; ५० अंश तापल्यास शेंकडा २० झाला. फट आधींच वाढलेली असेल तर एवढ्यानें ओढ अपुरी पडते. फट जुळविली कीं काम भागतें. दुसरें कारण, वेटोळ्यांतील तार तुटायला आलेली असून उष्णतेनें फांकते. म्हणून बंद पडतांच, क्लच गरम आहे तोंवर, बाहेरच्या तप्त भागांस हात न लावतां ओहम मोजावे. थंडपणीं तीन व गरमपणीं वाटच नाहीं, असें आढळलें तर मात्र नवा क्लच घेणें प्राप्त आहे.

पातीं घसरतात परंतु दोष पट्ट्याचा, असेंही घडतें. पट्टा घसरला तर रबर जळल्याचा वास येतो व त्याच्या कडा आरशासारख्या चकाकतात. क्लच घसरला तर तबकड्यांवर निळसर डाग पडतात. तबकड्यांवर तेल किंवा वंगण पडलेलें असेल तर तें आधीं कोठून आलें तें शोधावें.

बटण दाबल्यावर पातीं किती वेळांत थांबतात हें दर हंगामांत एकदां घड्याळ लावून पाहावें. पांच सेकंदांच्या आंत तीं थांबलीं पाहिजेत, असें या यंत्रांच्या पुस्तिकांत सांगितलेलें असतें. अधिक वेळ लागत असेल तर ब्रेक झिजला आहे अगर फट बिघडली आहे, आणि दुरुस्तीपूर्वीं यंत्र बाहेर काढूं नये. पातीं फिरत नाहींत हा दोष चालकास लगेच कळतो. तीं लवकर थांबत नाहींत हा दोष अपघात होईपर्यंत कळत नाहीं.

नवा क्लच आणि रोजची निगा

नवा क्लच घालणें भागच पडलें तर त्यास एकदम दाट गवतांत नेऊं नये. मोकळ्या जागीं इंजिन अर्ध्या वेगावर ठेवून दहा सेकंद पातीं चालू व दहा सेकंद बंद, असें पांच वेळां करावें. मग पाऊण वेगावर पुन्हां पांच वेळां. नव्या तबकड्यांचे पृष्ठभाग यामुळें एकमेकांशीं मिळतात. पुस्तिकेंत निराळा क्रम दिला असल्यास तो पाळावा. बसवितांना वेटोळ्याचा अडकण सांगाड्याच्या खांचेंत नीट बसला आहे ना, हें पाहावें. तो सुटा राहिला तर क्लच स्वतःच फिरतो आणि तारा तोडून टाकतो.

पातीं नेहमीं उघड्या जागेवर चालू करून मग गवतांत शिरावें. उंच गवतांत उभें राहून बटण ओढूं नये. काम संपल्यावर क्लचभोंवतींचें गवत काढावें, पण त्यावर पाण्याचा जोराचा फवारा मारूं नये. किनाऱ्यावरील बंधूंनीं पावसाळ्यापूर्वीं व नंतर सर्व जोडण्या उघडून, स्वच्छ करून, विजेच्या जोडण्यांसाठीं मिळणारें वंगण आंत भरावें. तें वंगण तबकड्यांपासून दूर ठेवावें.

शेवटची विनंति

नव्या क्लचचे पैसे गेले त्याचें मला फारसें वाटत नाहीं; तसे पैसे शेतींत अनेक वाटांनीं जातात. मनास लागून राहिली आहे ती दुसरी गोष्ट. गड्यानें तीन वर्षांत यंत्राचा स्वभाव ओळखला होता आणि त्यावर विश्वास ठेवला होता. मीं तो स्वभाव एका तारेनें बदलला आणि त्यास कळविलें नाहीं. आपणांपैकीं पुष्कळांचीं यंत्रें दुसऱ्याच्या हातांनीं चालतात. त्या यंत्रांत कांहीं काढलें, घातलें अगर जोडलें, तर तें चालविणाऱ्यास त्याच दिवशीं, यंत्राशीं उभें राहून दाखविणें, हें मालकाचें कर्तव्य आहे. आणि जें बटण माणसाच्या रक्षणासाठीं आहे, तें काम अडलें म्हणून निकामी करण्याचा अधिकार मालकासही नाहीं.

आमच्या यंत्राच्या बैठकीसमोर मीं रंगानें लिहून ठेवलें आहे : बटण दाब, चावी काढ, मग उतर. गडी तोच आहे. त्यास वाचतां येत नसे. या तीन गोष्टी मात्र तो आतां अक्षर ओळखून वाचतो, आणि नवा माणूस यंत्रावर बसला कीं त्यासही वाचून दाखवितो.